सीपीयूचा एअर कूलर बदलायचाय? आधी खोलीचं तापमान मोजा, मग पैसे काढा

मे महिना लागला की हा प्रश्न सुरू होतो. गेम खेळताना प्रोसेसर ९० च्या वर जातोय, फॅन बोंबलतोय, कोणता कूलर घेऊ? आणि लगेच पाच जण पाच मॉडेलांची नावं टाकून मोकळे होतात. प्रोसेसर कोणता, कॅबिनेट कोणतं, आणि पीसी ठेवलाय त्या खोलीत दुपारी तीनला किती तापमान असतं हे कुणी विचारतच नाही. यातला तिसरा प्रश्न आपल्याकडे सगळ्यात महत्त्वाचा, कारण आपण जे रिव्ह्यू बघतो ते बहुतेक २० ते २५ अंशांच्या खोलीत केलेले असतात आणि अकोला, नागपूर, जळगाव साईडला मेमध्ये बाहेर ४४-४५ असताना बिनाएसीच्या खोलीत ३८-४० सहज असतं.

एअर कूलर नेमकं काय करतो, तर प्रोसेसरची उष्णता उचलून आजूबाजूच्या हवेत टाकतो, बस. तांब्याच्या नळ्या म्हणजे हीटपाईप, त्यांच्या आत कमी दाबाखाली थोडंसं पाणी असतं, ते गरम टोकाला वाफ होतं, पट्ट्यांच्या म्हणजे फिन्सच्या टोकाला जाऊन पुन्हा पाणी होतं आणि आतल्या जाळीतून परत खाली येतं. पंखा त्या फिन्समधून हवा ढकलतो. या सगळ्यात कुठेही हवेपेक्षा थंड व्हायची सोय नाही. म्हणून कूलरचा खरा आकडा 'किती अंश' हा नसून 'खोलीपेक्षा किती अंश जास्त' हा असतो. समजा रिव्ह्यूमध्ये २२ अंशांच्या खोलीत प्रोसेसर फुल लोडला ७० ला थांबला, म्हणजे खोलीपेक्षा ४८ जास्त. तोच कूलर, तोच प्रोसेसर ४० अंशांच्या खोलीत ठेवला की ८८ दाखवणार, वर एखाद-दोन अंश जास्तच, कारण चिप गरम झाली की थोडी जास्त वीज खाते. कूलर खराब नाही, कुणी फसवलेलं नाही, हिशोबच तसा आहे. हे एकदा डोक्यात बसलं की अर्धे चुकीचे खर्च वाचतात.

आधी मोजा

दोनशे-तीनशे रुपयांचं डिजिटल थर्मामीटर मिळतं, ते कॅबिनेटच्या पुढच्या बाजूला, हवा आत जाते तिथे ठेवा. एचडब्ल्यूइन्फो६४ हे फुकट सॉफ्टवेअर टाका, फक्त सेन्सर्सवाला मोड उघडा. एएमडीचा रायझन प्रोसेसर असेल तर 'टीसीटीएल/टीडाय' ही ओळ बघायची, इंटेल असेल तर 'सीपीयू पॅकेज'. त्याखालीच कुठेतरी पॅकेज पॉवर वॅटमध्ये दिसते, ती पण लिहून घ्या, कारण वॅट माहीत नसताना नुसतं तापमान सांगणं म्हणजे अर्धीच माहिती. मग सिनेबेंच आर२३ या टेस्टच्या सॉफ्टवेअरची दहा मिनिटांची मल्टिकोर टेस्ट लावा आणि शेवटच्या दोन-तीन मिनिटांत तापमान, वॅट, क्लॉक स्पीड म्हणजे प्रोसेसरचा वेग, फॅनचे आरपीएम आणि खोलीचं तापमान असे पाच आकडे कागदावर घ्या. नंतर तुम्ही जो गेम रोज खेळता तो अर्धा तास खेळून तेच आकडे पुन्हा घ्या. हे दोन्ही लागतात, कारण सिनेबेंच सगळे कोर पिळून काढतं आणि गेम सहसा तेवढी वीज घेतच नाही. ज्याचा पीसी फक्त गेमसाठी आहे त्याने सिनेबेंचचा आकडा बघून झोप उडवून घेण्यात काही अर्थ नाही. व्हिडिओ रेंडर करत असाल, ब्लेंडर चालवत असाल तर मात्र तोच आकडा खरा.

आता हा आकडा वाईट आहे की नाही ते प्रोसेसरवर अवलंबून. आय५-१२४०० ची मर्यादा १०० अंश, रायझन ५ ३६०० ची ९५, रायझन ५ ५६०० आणि ५७००एक्स ची ९०, ५८००एक्स३डी ची ९०, ७८००एक्स३डी ची ८९. मर्यादेला टेकला की प्रोसेसर स्वतःच क्लॉक कमी करतो, त्याला थर्मल थ्रॉटलिंग म्हणतात, इंटेलवर एचडब्ल्यूइन्फोमध्ये त्याची वेगळी ओळच असते तिथे 'येस' येतं. मर्यादेच्या दहा-बारा अंश खाली असाल आणि तेही भर उन्हाळ्यात, तर कूलर घ्यायची घाई नाही, आवाज सहन होत नसेल तर गोष्ट वेगळी. आणि रायझन ७६००एक्स, ७७००एक्स वाल्यांनी ९५ बघून घाबरू नये, ते प्रोसेसर फुल लोडला ९५ गाठेपर्यंत बूस्ट करत म्हणजे स्वतःहून वेग वाढवत राहायचे हे एएमडीनेच तसं ठेवलंय, मोठा कूलर लावला तर तापमान ९५ च्या आसपासच राहील आणि क्लॉक थोडे वाढतील.

रायझनवाल्यांची अजून एक नेहमीची तक्रार, काहीच चालू नसताना तापमान ४५ वरून ६० ला उडी मारतं. मारू दे. एका कोरला क्षणभर काम मिळालं की बूस्ट होतो, छोट्याशा जागेत उष्णता येते, सेन्सर ती पकडतो. कूलर बदलून हे जात नाही.

पैसे न घालता काय होतं ते बघा

हा भाग वगळून थेट खरेदीवर जाऊ नका, इथेच बऱ्याच जणांचं काम होतं.

पहिलं, साईड पॅनल काढा आणि तीच टेस्ट पुन्हा लावा. खोलीचं तापमान सारखं असताना पॅनल काढल्यावर ७-८ अंश किंवा जास्त उतरलं, तर दोष कूलरचा नाही, कॅबिनेटचा आहे, आतली गरम हवा बाहेरच जात नाहीये आणि बिचारा कूलर तीच हवा पुन्हा पुन्हा फिरवतोय. पुढे अख्खी काच, तिच्या मागे तीन रंगीत फॅन, आणि हवेला जायला बाजूने बोटभर फट, असली कॅबिनेट बजेटमध्ये खूप खपतात. अशा डब्यात पाच हजारांचा कूलर टाकून फार तर थोडा फरक पडेल. मागे एक एक्झॉस्ट फॅन नसेल तर तो लावा, पुढची काच एक सेंटिमीटर पुढे ओढून बसवता येते का बघा, जाळीवालं कॅबिनेट घ्यायचा विचार करा. दोनशे वॅटचं ग्राफिक्स कार्ड त्याच डब्यात उष्णता सोडत असतं हे विसरू नका, गेममध्ये प्रोसेसर गरम होण्यामागे बरेचदा तेच असतं.

दुसरं, आपल्याकडचं खास प्रकरण, कॉम्प्युटर टेबल. खाली सीपीयूसाठी कप्पा, मागे फळी, कधी कधी पुढे दारसुद्धा. त्या कप्प्यात हवा खोलीपेक्षा दहा अंश जास्त गरम होऊ शकते. पीसी बाहेर काढून टेबलावर किंवा स्टुलावर ठेवा, मागे किमान वीतभर जागा सोडा, आणि परत मोजा. हे फुकट आहे.

तिसरं, धूळ. स्टॉक कूलरच्या, म्हणजे प्रोसेसरच्या खोक्यात आलेल्या कूलरच्या फिन्समध्ये पंख्याखाली धुळीची जाड घोंगडी जमते, वरून दिसतही नाही. मुंबई-कोकणात दमट हवेमुळे ती चिकट होते, नुसत्या ब्लोअरने निघत नाही, पंखा काढून ब्रश मारावा लागतो. ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवा, जोरात फिरला की बेअरिंग खराब होतं.

चौथं, प्रोसेसर आणि कूलर यांच्या मधली थर्मल पेस्ट. चार-पाच वर्षं जुना पीसी असेल आणि पेस्ट कधीच बदलली नसेल तर ती वाळून खडखडीत झालेली असते. दोन-चार ग्रॅमची आर्क्टिक एमएक्स-४ किंवा तसली साधी पेस्ट आणा, काही अंश तरी उतरतातच.

पाचवं आणि मला सगळ्यात आवडतं ते, पॉवर कमी करणं. रायझन ५००० आणि पुढच्यांवर बायोसमध्ये (पीसी चालू होताना उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) पीबीओ या बूस्टच्या सेटिंगच्या आत कर्व्ह ऑप्टिमायझर असतो, ऑल कोर, निगेटिव्ह, १५ पासून सुरू करा. तेवढ्याच व्होल्टेजला जास्त क्लॉक मिळतात, म्हणजे परफॉर्मन्स न घालवता तापमान उतरतं. पीसी अचानक रीस्टार्ट होऊ लागला तर आकडा १० वर आणा. एक्स३डी मॉडेलांवर हा ऑप्शन दिसेलच असं नाही, ते मदरबोर्डवर अवलंबून आहे. इको मोड त्याहून सोपा, १०५ वॅटच्या ७७००एक्सला ६५ वॅटच्या वर्गात आणतो, म्हणजे प्रत्यक्षात सॉकेटला (बोर्डवर प्रोसेसर बसतो ती जागा) जाणारी पॉवर १४२ वरून ८८ वॅट होते, आणि गेममध्ये फरक नावालाच जाणवतो. इंटेलवर बायोसमध्ये लाँग आणि शॉर्ट ड्युरेशन पॉवर लिमिट बघा. काही बोर्ड तिथे ४०९५ किंवा ४०९६ असा आकडा घालून ठेवतात, म्हणजे लिमिटच नाही. आय७-१२७०० कागदावर ६५ वॅटचा आहे पण टर्बोला (इंटेलचा बूस्ट) इंटेलचाच आकडा १८० आहे. तिथे १२५ लिहिलं की जड कामात थोडं कमी होतं, गेममध्ये काही नाही, आणि कूलरचं बजेट निम्म्यावर येतं.

आज दुपारीच काम अडलंय आणि बायोसला हात लावायची भीती वाटते? विंडोजच्या पॉवर प्लॅनमध्ये मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट १०० चं ९९ टक्के करा. टर्बो बंद होतो, तापमान धाडकन खाली येतं. स्पीड पण जातो, म्हणून कायमचं ठेवू नका.

तरी घ्यायचाच आहे, मग वॅट बघा

कूलरच्या खोक्यावर २२० वॅट, २६० वॅट असं छापलेलं असतं, त्यावर जाऊ नका. सगळ्या कंपन्यांचं मोजायचं एकच माप ठरलेलं नाही, जो तो आपापल्या परीने मोजतो. नॉक्टुआने तर वॅट सोडून स्वतःचं वेगळंच रेटिंग काढलंय. तुम्ही एचडब्ल्यूइन्फोमध्ये जे वॅट लिहून घेतले तेच धरा.

साधारण १०० वॅटच्या आत, म्हणजे रायझन ५ ५६००, ५७००एक्स, ७६००, आणि थोडं वर जाणारा आय५-१२४०० सुद्धा (त्याचं टर्बो ११७ वॅट), यांना चार हीटपाईप आणि एक १२० मिमी पंखा असलेला सिंगल टॉवर (फिन्सचा एकच उभा गठ्ठा, ड्युअलमध्ये दोन) भरपूर झाला. डीपकूल एके४००, थर्मलराईटचा असॅसिन एक्स १२०, कूलर मास्टरचा हायपर २१२ घराण्यातला कुठलाही, हे सगळे याच वर्गातले. दीड ते तीन हजारांत काम होतं, आणि यात मॉडेल-मॉडेलमधला फरक दोन-तीन अंशांचा, त्यावर तासन्‌तास व्हिडिओ बघण्यात अर्थ नाही. तुमच्या शहरात जो मिळतो, वॉरंटीचं बिल मिळतं, तो घ्या. लोक अजूनही ५६०० साठी ड्युअल टॉवर सुचवतात, मला ते पटत नाही, त्या पैशात चांगले दोन कॅबिनेट फॅन येतात.

१२० ते १८० वॅट म्हणजे ५८००एक्स, ७७००एक्स, १२७००, १३६००के. इथे आपल्या उन्हाळ्याचा विचार करून मी सरळ सहा हीटपाईपचा ड्युअल टॉवर घ्या म्हणेन. थर्मलराईट पीअरलेस असॅसिन १२० एसई आणि डीपकूल एके६२०, दोन्ही साधारण साडेतीन ते पाच हजारांच्या आसपास फिरतात. यातला पीअरलेस असॅसिन आला तेव्हा एअर कूलरचा बाजारच हलला, कारण २०१४ पासून एअर कूलिंगचा राजा मानला गेलेला नॉक्टुआ एनएच-डी१५ जे करतो त्याच्या अगदी जवळ हा कितीतरी कमी पैशात जातो. नॉक्टुआ वाईट नाही, पंखे अप्रतिम, वर्षानुवर्षं टिकतात, सॉकेट बदलला तर बिल दाखवून ते माउंटिंग किट देतात, पण त्या जादा पाच-सहा हजारांतला मोठा भाग शांततेचा आहे. आणि उन्हाळ्यात डोक्यावर छताचा पंखा पाचवर फिरत असताना, खिडकीतून रिक्षा ऐकू येत असताना, पीसीचा ३ डेसिबलचा फरक कुणाला ऐकू येणार? रात्री पॉडकास्ट रेकॉर्ड करत असाल, एसीची बंद खोली असेल, तर घ्या खुशाल.

५८००एक्स३डी आणि ५७००एक्स३डी हे वेगळं खातं. वीज फार खात नाहीत, पण उष्णता एका अगदी छोट्या तुकड्यातून येते, यांच्या झेन ३ डिझाईनचा तो कोरवाला तुकडा जेमतेम ८० चौरस मिमीचा आहे आणि त्यावर कॅशे म्हणजे आतल्या मेमरीचा अजून एक थर. उष्णता चिपमधून बाहेर पडायलाच वेळ लागतो, त्यामुळे कूलर दुप्पट मोठा केला तरी तापमान निम्मं होत नाही. चांगला सिंगल टॉवर चालतो, ड्युअलने चार-पाच अंश मिळतील, त्याहून जास्त अपेक्षा नको. जुन्या ३६०० वरून यावर उडी मारणाऱ्यांनी लक्षात ठेवा, ५७००एक्स, ५७००एक्स३डी, ५८००एक्स३डी यांच्या खोक्यात कूलर येत नाही, आणि ३६०० बरोबर आलेला छोटा रेथ स्टेल्थ यांच्यापैकी ५७००एक्सला कसाबसा ढकलेल, एक्स३डी ला नाही.

२५० वॅटवाले आय९ चालवत असाल आणि लिमिट लावायची नसेल तर एअर कूलरकडून आपल्या हवामानात चमत्कार मागू नका. तिथे ३६० मिमीचा, पंपाने द्रव फिरवणारा लिक्विड कूलर बघा किंवा लिमिट लावा. बाकीच्यांना मी लिक्विड सुचवत नाही, पंप बंद पडला की अख्खं युनिट बदलायचं, आतलं द्रव वर्षानुवर्षं थोडं थोडं कमी होत जातं. टॉवरचा पंखा गेला तर पाचशे-सातशेचा नवीन १२० मिमी पंखा त्याच क्लिपवर बसतो आणि काम पुढे चालू.

पट्टी घेऊन बसा

सगळ्यात जास्त रिटर्न उंचीमुळे होतात. कॅबिनेटच्या वेबपेजवर 'सीपीयू कूलर' पुढे कमाल उंची दिलेली असते, ती शोधा. एके४०० आणि पीअरलेस असॅसिन एसई १५५ मिमी, एके६२० १६० मिमी, एनएच-डी१५ १६५ मिमी. लोकल असेंबल्ड कॅबिनेट असेल, कंपनीचं नावच सापडत नसेल, तर पीसी आडवा करून मदरबोर्डच्या पृष्ठभागापासून पॅनल जिथे बसतं त्या कडेपर्यंत पट्टीने मोजा आणि त्यातून ८-९ मिमी वजा करा, कारण कूलर बोर्डवर नाही, प्रोसेसरच्या वर बसतो. आलेल्या आकड्यापेक्षा कूलर निदान ३ मिमी कमी हवा. काच अगदी टेकत असेल तर घेऊ नका.

मग रॅम. ड्युअल टॉवरचा पुढचा पंखा रॅमवर येतो. साध्या हीटस्प्रेडरवाल्या रॅम ३१ ते ३४ मिमी असतात, त्यांना काही होत नाही. दिवेवाल्या ४४ मिमी आणि वरच्या. तिथे पुढचा पंखा वर सरकवावा लागतो, आणि पंखा जितका वर तितकी कूलरची एकूण उंची वाढते, म्हणजे पुन्हा काचेचा प्रश्न. १६५ च्या कॅबिनेटमध्ये १५५ चा कूलर घेण्यात हाच फायदा आहे, दहा मिमी हाताशी राहतात.

सॉकेटचं थोडं लांबेल, पण वाचाच. इंटेलच्या एलजीए११५x आणि १२०० वर भोकांमधलं अंतर ७५ मिमी, एलजीए१७०० वर ७८. म्हणून दहाव्या जनरेशनचा जुना कूलर बाराव्यावर किटशिवाय बसत नाही. नवीन १८५१ ला १७०० चंच माप चालतं. एएमडीच्या एएम४ आणि एएम५ ची भोकं सारखीच, पण एएम५ ची मागची प्लेट सॉकेटलाच धरून असते, काढता येत नाही. जे कूलर मूळ प्लेटच वापरतात ते बसतात, जे स्वतःची प्लेट आणतात ते नाही बसत. सेकंडहँड कूलर घेताना तर हे आधी विचारा, ब्रॅकेट आणि स्क्रू हरवलेला टॉवर म्हणजे नुसतं ॲल्युमिनियम.

अजून एक गोष्ट जी खरेदीच्या व्हिडिओंत कुणी बोलत नाही. स्टॉक कूलर हवा खाली बोर्डवर मारतो, त्यामुळे सॉकेटशेजारची पॉवर सर्किटं म्हणजे व्हीआरएम आपोआप थंड होतात. टॉवर हवा आडवी नेतो, व्हीआरएमला काही मिळत नाही. एच६१० किंवा ए३२० चा स्वस्त बोर्ड असेल, व्हीआरएमवर हीटसिंकच नसेल, आणि त्यावर जास्त वीज खाणारा प्रोसेसर बसवलेला असेल, तर टॉवर लावल्यावर प्रोसेसर थंड आणि तरी क्लॉक पडलेले असा विचित्र प्रकार होतो. अशा बोर्डवर पॉवर लिमिट लावणं आणि मागचा एक्झॉस्ट फॅन हे आधी, कूलर नंतर.

खरेदी

ऑनलाईन आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या मार्केटमधला भाव दोन्ही विचारा, कधी इकडे स्वस्त कधी तिकडे, पण ऑनलाईन घेताना विक्रेता कोण ते बघा, नुसतं साईटचं नाव बघू नका. खोक्यात तुमच्या सॉकेटचं ब्रॅकेट आहे हे लिस्टिंगमध्ये स्पष्ट लिहिलेलं असावं. जुना स्टॉक असेल तर एलजीए१७०० चं किट नसतं आणि मग ते वेगळं शोधत फिरावं लागतं. बिल आणि खोकं जपून ठेवा. काही स्वस्त टॉवर अजूनही इंटेलसाठी पुश पिनवर येतात, चार प्लास्टिकच्या खुंट्या दाबून बसवायच्या. सहाशे-सातशे ग्रॅमचा टॉवर उभ्या बोर्डवर खुंट्यांच्या भरवशावर लटकवायचा, मला नको. मागे प्लेट आणि स्क्रू असलेलाच घ्या.

बसवताना

पीसी पाच-दहा मिनिटं चालवून थोडा गरम करा, मग बंद करून मागची वायर काढा. हे गरम करणं एएम४ वाल्यांसाठी फार महत्त्वाचं, कारण तिथे पिना प्रोसेसरला असतात, आणि वाळलेल्या पेस्टमुळे कूलर सरळ वर ओढला की प्रोसेसर सॉकेटमधून उपटून त्याच्यासोबत येतो, पिना वाकतात. गरम पेस्ट मऊ असते. स्क्रू काढून झाल्यावर कूलर डावीकडे-उजवीकडे हलकेच फिरवा, सुटल्याचं हाताला कळतं, मग उचला.

ग्राफिक्स कार्ड आधी काढा, हाताला जागा मिळते. कॅबिनेट आडवं करा. एएम४ वर प्लास्टिकची दोन ब्रॅकेट काढावी लागतात आणि त्यांचे शेवटचे स्क्रू निघाले की मागची लोखंडी प्लेट सुटून पडते, म्हणून दुसरं पॅनल आधीच काढून मागून एका हाताने ती धरून ठेवा. इंटेलवर स्टॉक कूलर पुश पिनचा, मागे प्लेटच नसते, नवीन कूलरची प्लेट मागून लावायची. कॅबिनेटच्या पत्र्याला सॉकेटमागे मोठी खिडकी असेल तर बोर्ड न काढता होतं, नसेल तर बोर्ड बाहेर काढायला लागेल, त्या दिवशी संध्याकाळ मोकळी ठेवा.

जुनी पेस्ट टिश्यू आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, ९९ टक्केवालं मिळालं तर उत्तम, मेडिकलमधलं ७० टक्के असेल तर पूर्ण वाळू द्या. जुन्या बनियनचे तुकडे नकोत, धागे राहतात. मधोमध वाटाण्याच्या दाण्याएवढी पेस्ट ठेवा, इंटेल १७०० ची चिप लांबट आहे तिथे थोडी लांब रेघ ओढली तरी चालते. बोटाने पसरवू नका, दाबाने आपोआप पसरते. थोडी जास्त झाली तर काही बिघडत नाही, साधी पेस्ट वीज वाहत नाही, कमी झाली तर मात्र त्रास.

आणि कूलरच्या तळाचं पारदर्शक प्लास्टिक काढा. हो, हे सांगावं लागतं. 'नवीन कूलर लावला आणि तापमान वाढलं' यामागे बरेचदा हेच असतं.

स्क्रू एका बाजूचा पूर्ण आवळून मग दुसरा असं करू नका. तिरप्या कोपऱ्यांनी दोन-तीन वळसे इकडे, दोन-तीन तिकडे, असं करत थांबेपर्यंत. थांबला की थांबा, बहुतेक चांगल्या कूलरच्या स्क्रूला स्प्रिंग असते, दाब ती ठरवते, तुमचं मनगट नाही.

पंख्याची दिशा: फ्रेमच्या ज्या बाजूला आडवे आधार दिसतात तिकडून हवा बाहेर पडते. ती बाजू कॅबिनेटच्या मागच्या एक्झॉस्टकडे हवी. ड्युअल टॉवरचे दोन्ही पंखे एकाच दिशेने. वायर 'सीपीयू फॅन' लिहिलेल्या चार पिनांवरच लावा, दुसरीकडे लावली की चालू करताना बोर्ड फॅन एरर देतो. दोन पंखे असतील तर खोक्यातली वाय केबल वापरा.

बसवल्यावर

तीच टेस्ट, तेच पाच आकडे, आणि वजाबाकी करून तुलना. मार्चमध्ये ३० अंशांच्या खोलीत ८२ होतं आणि मेमध्ये ३९ च्या खोलीत नवीन कूलरवर ७६ आलं, तर सहा अंशांचाच फायदा झाला असं नाही, ५२ चं ३७ झालंय, म्हणजे १५. वजाबाकी केल्यावर काहीच फरक दिसत नसेल तर प्लास्टिक, पेस्ट, स्क्रू याच क्रमाने पुन्हा तपासा.

फॅन कर्व्ह, म्हणजे कोणत्या तापमानाला पंखा किती फिरणार ते, बायोसमध्ये हातानेच लावा. आपल्या खोलीत ५० अंश म्हणजे काहीच नाही, तिथपर्यंत ३५-४० टक्के, ७० ला ६५ टक्के, ८५ ला पूर्ण. 'फॅन स्टेप अप' किंवा तसलं काही असेल तर दोन-तीन सेकंदांचा उशीर ठेवा, नाहीतर रायझनच्या त्या उड्यांमुळे पंखा सारखा वर-खाली होतो आणि तेच जास्त डोकं खातं. वाळ्याचा कूलर लावत असाल तर खोली थंड होते, पीसीलाही बरंच, फक्त त्याचा झोत थेट कॅबिनेटवर नको, बारीक तुषार येतात.

भाड्याचं घर बदलताना पीसी टेम्पोत उभा टाकू नका. एनएच-डी१५ पंख्यांसकट १.३ किलोचा आहे, बाकीचे ड्युअल टॉवरही फार हलके नाहीत, आणि आपले रस्ते माहीतच आहेत. लांबचा प्रवास असेल तर टॉवर काढून वेगळा पॅक करा, जवळच असेल तर कॅबिनेट काचेची बाजू वर करून आडवं ठेवा, म्हणजे वजन बोर्डवर सरळ खाली राहतं.